माझ्या पंख्याची घरघर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या दोन कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत, आणि माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतही कळतं. पण नवा कोरा खोक्यातून निघालो, तेव्हा सगळं ऑफिस मला बघायला जमलं होतं.

माझे मालक प्रोग्रामर. पदवी वाणिज्य शाखेची, कॉम्प्युटर ते काम करता करता शिकले. पगाराचा प्रोग्राम अडला की सगळे त्यांच्याकडेच धाव घेत. तेव्हा त्यांची पदवी कोणी विचारली नाही. पुढे कंपनी विकली गेली. नव्या लोकांनी मालकांना निरोप दिला आणि मी जुनाच, म्हणून मलाही त्यांच्याबरोबर घरी धाडलं.

तेव्हापासून आम्ही दोघं जाहिराती वाचतो. कुठे कॉम्प्युटरचीच पदवी हवी असते, कुठे फक्त तरुण मंडळी. मुलीचं शिक्षण अजून व्हायचं आहे, त्यामुळे मालकांना नोकरी हवीच आहे. परवा एकदाची मुलाखत ठरली, माझ्याच कॅमेऱ्यासमोर. मुलीने बाबांचे केस काळे केले, कानाला लागलेला रंग पुसला आणि हनुवटीखालची घडी दिसू नये म्हणून मला पुस्तकांच्या चळतीवर बसवलं.

मुलाखत झकास चालली होती. पडद्यावरची तरुण मॅनेजर 'सर, सर' म्हणत होती आणि मालक रंगात आले होते. तेवढ्यात मी तापलो. पंखा घरघरू लागला. तो थांबवणं माझ्या हातात कुठे आहे? मालकांना तिचा प्रश्न ऐकू येईना. ते पुढे वाकले आणि त्यांनी हात कानामागे नेला.

तिने ते पाहिलं. मग फार मायेने म्हणाली, "राहू द्या काका, आम्ही कळवतो."

मालकांचा चेहरा पडला. माझ्याच कॅमेऱ्यातून मला तो बघावा लागला.

संध्याकाळी मुलगी चिडून म्हणाली, "बाबा, हा लॅपटॉप आता काढून टाका."

मालक ब्रशने माझ्या पंख्यातली धूळ झाडत होते. "त्याचं काय चुकलं गं? काम तर करतोय."

मित्रांनो, मला रडता येत नाही. जुन्याला नको म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण आधी एकदा त्याचं काम बघा, एवढंच माझं मागणं आहे.

आज मालकांनी नवी जाहिरात उघडली आहे. पहिलाच प्रश्न जन्मवर्षाचा. वर्षांची रांग यंदापासून सुरू होते. मालकांचं बोट खाली सरकतं आहे, अजून खाली, अजून खाली, आणि माझा पंखा पुन्हा घरघरू लागला आहे.