कपाला एक, सपाट

मी मापाचा चमचा बोलतोय. गोड बोलून पुढे पुढे करणाऱ्याला तुम्ही चमचा म्हणता, त्या जातीचा मी नव्हे. त्या जातीचा असतो तर आज असा तोंड लपवून पडलो नसतो. मी साधा, पांढरा, प्लास्टिकचा, बोटभर दांड्याचा. काम एकच: एका कपाला चहाची पूड किती, ते सांगायचं.

जन्म साच्यातला. अंगाची आग पुरती निवली नव्हती तोच चहाच्या पाकिटात पडलो आणि पुडीत नाक खुपसून या घरी आलो, तोही फुकट. फुकट आलेल्याला घरात मान नसतो म्हणतात. पण ज्यांच्या हाती मी लागलो त्या बाईंनी मला धुतलं, पुसलं, अंगठा आत घालून पाहिला आणि म्हणाल्या, “माझं पेर बरोब्बर मावतंय. हाच ठेवते.” पुढे त्यांच्या घरी सून आली, म्हणून मी त्यांना सासूबाईच म्हणतो.

सासूबाईंचा नियम कडक. कपाला एक, सपाट. शीग लावायची नाही, चिमूट वाढवायची नाही. डब्याच्या काठावर मला दोनदा टकटक करायचं, जास्तीची पूड आत. पाणी खळखळलं की पूड, आच बंद, झाकण, आणि शंभर आकडे होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. नऊ वर्षांत त्यांचा चहा कधी बिघडला नाही. त्यात माझं कर्तृत्व किती, देव जाणे. मला फुगता येत नाही आणि आक्रसता येत नाही, एवढाच काय तो माझा गुण.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. नळीतलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचा, आणि एकदा नव्हे, तीनदा वाचा, असं मुलांना सांगायची. घरीही तसंच. गॅस बंद केला का हे तीनदा बघणार, दाराची कडी तीनदा ओढणार, आणि मग जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. मला ती आवडायची. मोजणाऱ्या माणसाबद्दल मापाला माया असतेच.

मग बाळ आलं. मुलगी. जन्मली तीच कपाळाला आठ्या घालून, म्हणून सासूबाई तिला ठमाकाकू म्हणायच्या. दोन महिन्यांत आईचं दूध पुरेनासं झालं. सुनेला त्याचं फार लागलं. डॉक्टर म्हणाल्या, वरचं सुरू करा. तेव्हा फळीवर माझ्या शेजारी दुधाच्या पावडरीचा डबा आला. त्यातही एक चमचा होता, माझ्यासारखाच पांढरा, माझ्यासारख्याच दांड्याचा. थोडा मोठा. मी मनातल्या मनात त्याला थोरला म्हणायचो.

एका रविवारी फळीवर मुंग्या झाल्या. मुलाला, म्हणजे बाळाच्या बापाला, मदतीचा झटका आला. हा चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो. त्याने डबे पुसले, दोन्ही चमचे एकाच पातेल्यात उकळले, वाळवले, आणि एकेका डब्यात एकेक टाकून झाकणं लावली.

“बघा! सगळी फळी लख्ख केली,” तो म्हणाला.

“शाबास,” त्याची आई म्हणाली. बायको तर इतकी दमलेली होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी दुधाच्या पावडरीत पडलो होतो. थोरला चहात.

दुसऱ्या दिवशीपासून मला रोज उकळत्या पाण्यात घालायला लागले. नऊ वर्षांची पिवळट झाक आठवड्यात उतरली. एका बाटलीला चार चमचे. ती मला सुरीच्या पाठीने सपाट करी, मोठ्याने मोजी, शंका आली की ओतून पुन्हा मोजी. पावडरीच्या प्रत्येक नव्या पाकिटात नवा चमचा यायचा. तो ती काढून खणात टाकायची. “नव्याच्या मापात उगाच फरक असला तर?” असं स्वतःशीच म्हणायची, आणि मला उचलायची.

एवढी काळजी घेणारा हात मी दुसरा पाहिला नाही. आणि रोज त्याच हाताने बाळाच्या पोटात कमी जात होतं. मला तोंड आहे, पण ते घेण्यापुरतंच, ओरडण्यापुरतं नाही.

बाळ बाटली संपवी आणि रडे. खांद्यावर घेतलं की मूठ चोखे. पाकीट पूर्वीपेक्षा दोन दिवस जास्त पुरायला लागलं. सुनेला वाटलं, एखादी बाटली द्यायची आपणच विसरत असू. ती वेळा लिहून ठेवायला लागली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांच्या काट्यावर आकडा जागचा हलला नाही.

“प्रमाण बरोबर घेता ना?”

“चार चमचे. सपाट. तीनदा बघते.”

“सोमवारी परत आणा. वजन वाढलं नसेल तर दाखल करून सगळ्या तपासण्या करू.”

हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी डब्यात होतो. डब्यात दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. त्या दिवसापासून ठमाकाकू म्हणून बाळाला कुणी हाक मारली नाही.

आणि चहा? चहा तीन आठवडे कडू होत होता. तो करायचं काम हल्ली सुनेकडे होतं.

“किती घालतेस गं?” सासूबाई विचारायच्या.

“कपाला एक, आई. तुम्ही सांगितलंत तसंच.”

“मग जीभ माझीच वाकडी झाली असेल.”

तिने गुपचूप तिघांना दोन चमचे घालायला सुरुवात केली. रंग बरोबर यायला लागला. पण तेही पकडलं गेलं. एकदा सासूबाई लेकाला हळूच म्हणाल्या, “तीन कप चहाचं माप जमत नाही, तिला त्या एवढ्याशा जिवाचं काय जमणार?” हळूच म्हणजे मला ऐकू येईल इतकं. दाराशी बाटली घेऊन आलेल्या सुनेलाही आलं. तिने डबा उघडला आणि मला हातात धरून नुसती उभी राहिली.

सोमवारच्या आदल्या दिवशी चार वाजता सासूबाई ओट्याशी आल्या.

“आज तू बस. मी करते. तू फक्त बघ.”

“आई, मी हल्ली दोनच घालते, मग ठीक होतो.”

“पुन्हा तिघांना दोन? कुणी बघितलं तर म्हणेल घरात दुष्काळ पडलाय. कपाला एक, सपाट. नऊ वर्षं याच चमच्याने करतेय मी.”

काठावर टकटक झाली. आवाज जाड होता. मग शंभर आकडे. मग कप.

“आई, हा काढा कुणासाठी?” मुलगा म्हणाला.

“गप रे.” त्यांनी आणखी एक घोट घेतला असावा. “पूड बदलली का गं?”

“नाही आई. तुम्हीच आणलेली.”

“हात माझा. पूड तीच. पाणी मोजून तीन कप…”

चहाच्या डब्याचं झाकण निघालं. मग सासूबाईंचा आवाज, एकदम बारीक: “हा माझा चमचा नाही. अंगठा आत डुगडुगतोय.”

“चमचा तो चमचा, आई. त्या दिवशी मीच दोन्ही उकळून…” मुलाचं वाक्य तिथेच राहिलं.

माझ्यावर उजेड पडला. सुनेने मला इतक्या घाईने उपसलं की पावडर ओट्यावर सांडली. सासूबाईंनी मला तिच्याकडून घेतलं, अंगठा आत घातला. पेर बरोब्बर मावलं.

कुणी ओरडलं नाही. आधी थोरल्याला उकळून त्याच्या मापाने एक बाटली झाली. बाळ प्यालं, आणि बाटली तोंडात असतानाच झोपलं. मग सून टेबलाशी बसली आणि तिने पावडर मोजली. माझे तीन म्हणजे थोरल्याचे दोन. पुन्हा मोजली. पुन्हा. कागद ओढून लिहिलं: दर तीन बाटल्यांतली एक नुसतं पाणी. दिवसाला सहा बाटल्या, दोन पाणी. एकवीस दिवस. बेचाळीस.

“बास कर,” नवरा म्हणाला. “चमचे मी अदलाबदल केले. चूक माझी.”

“दूध मी केलं. रोज सहा वेळा हातात होता माझ्या.”

सासूबाईंनी तिच्या समोरचा कागद उचलला, चार घड्या घातल्या. “तीन आठवडे मी तुझ्या चहाला नावं ठेवत होते. पहिल्याच दिवशी उठून स्वतः केला असता, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.” मग त्यांनी तो कडू चहा मोरीत ओतला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. हात कुठे ठेवायचा ते त्यांना नीट कळत नव्हतं, असं मला वाटलं.

सोमवारी डॉक्टरांना तिने स्वतःच सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. आठ दिवसांनी काटा हलला. आज बाळ सहा महिन्यांचं आहे, मांड्यांना वळ्या पडल्यात, घरभर कुरकुर करत लोळत असतं.

चहात आता स्टीलचा चमचा आहे. सासूबाई मला त्याच दिवशी केरात टाकणार होत्या. सुनेने टाकू दिलं नाही. तिच्या खणात, कपड्यांच्या खाली, मी पडून असतो. तिला वाटतं घरात कुणाला माहीत नाही. दुधाचं नवं पाकीट आलं की ती मला काढते, त्यातल्या चमच्याशेजारी धरते, डोळ्यांच्या रेषेत, तीनदा. मग पाकीट नसलं तरी काढते. बाळ शेजारी हसत असतं आणि ती माझ्या रिकाम्या तळाकडे बघत असते.

माझ्यासारखे चमचे म्हणतात, आम्हाला टाकू नका, आम्ही अजून कामाचे आहोत. मीही कामाचा आहे. एक कप चहा अजून अचूक सांगेन. पण या घरात माझ्याकडून आता एकच गोष्ट मोजली जाते, आणि ती कितीही वेळा मोजली तरी बेचाळीसच येते.

सासूबाई, तुम्हीच ऐका. केर न्यायला माणूस सकाळी सातला येतो. तेव्हा ती बाळाला पाजत असते. खणाला कुलूप नाही.