वरची कडी

मित्रांनो, मी एका दाराची जुनी लोखंडी कडी आहे. आज वाकडी होऊन खिळ्यांच्या डब्यात पडले आहे. पण एके काळी एका माणसाची झोप माझ्या भरवशावर होती.

लोहाराने मला जाडजूड घडवलं आणि सुताराने दाराच्या अगदी वरच्या टोकाला बसवलं. त्या एका खोलीत चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तरुण राहायला आला. एक खाट, एक स्टो, एक ताट. खुर्चीवर कायम शर्ट वाळत. भात करपला की तो स्टोवरच डाफरायचा.

त्याची ताई आली की म्हणायची, "साऱ्या जगाला चष्मे लावतोस, आणि तुला एक मुलगी दिसत नाही होय रे?"

तो हसून वेळ मारून नेई. पण समोरच्या खोलीतले एकटे आजोबा गेले आणि ते कितीतरी वेळ कुणाला कळलंच नाही, तेव्हापासून त्याचं हसू आटलं. मला लावून तो झोपायचा, पुन्हा उठून मी सहज निघते ना, हे चाचपायचा. एकदा म्हणाला, "ताई, माझंही असंच झालं तर गं?"

ताई कामाला लागली. तिने औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीचं स्थळ आणलं. पसंती झाली, लग्नाचे कपडे घ्यायला जायचा दिवसही ठरला.

नेमका त्याच सकाळी तो तापाने फणफणला. पाणी प्यायला उठला, भोवळ आली आणि खाटेच्या कडेवर डोकं आपटून पडला. फरशीवर रक्त पसरलं. तो सरपटत दाराशी आला. हात वर केला. बोटं जेमतेम दाराच्या मध्यापर्यंत पोचली आणि घसरली. मी फार उंच होते. घशातून आवाज निघेना. तो भिंतीकडे कलंडला. ज्याला जपायला मला बसवलं, त्यालाच मी कोंडून मारणार, या भीतीने मी गार पडले.

उन्हं चढली. मग जिन्यावर पावलं वाजली.

"अहो, आत आहात का?" ती त्या मुलीची हाक होती.

"चल घरी," तिचा भाऊ करवादला. "दुकानात नाही, इथे दार बंद. ऐन वेळी कच खाल्ली त्याने!"

पावलं जिना उतरू लागली. माझा जीव टांगणीला लागला. मग ती थांबली.

"दादा, बाहेर कुलूप नाही. म्हणजे माणूस आतच आहे."

"मग उघडत का नाही?"

"तेच म्हणतेय मी! दार तोड."

पहिल्या धक्क्याला मी हलले नाही. तशीच तर घडवली होती मला. त्या दिवशी मात्र मला माझ्या मजबुतीचीच धास्ती वाटली. तुटू दे मला, एवढंच मनात होतं. पुन्हा धक्का बसला. स्क्रू करकरले, मी वाकले आणि कोयंडा चौकटीतून निखळला.

तिने रुमालाने जखम दाबून धरली. "डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा," ती म्हणत राहिली. भाऊ गाडी आणायला धावला.

तो वाचला. लग्न लांबलं, पण झालं. नवी कडी बसवताना ती सुताराला म्हणाली, "इतक्या वर नको, हाताशी बसवा."

मला डब्यात टाकल्याचं दुःख नाही. भीती मात्र अजून जात नाही. म्हणून सांगते, मित्रांनो, शेजारी कुणी एकटं राहत असेल आणि दार भलत्या वेळी बंद दिसलं, तर रुसून परत फिरू नका. पुन्हा वाजवा. आम्हा कड्यांना आतून हाक मारता येत नाही.