तेल वाढत होतं

राधाकृष्ण नानांच्या काळ्या मॉरिसनं करंजी घाटात दम सोडला, तेव्हा गाडीत नानांच्या मुलीचे होऊ घातलेले सासू-सासरे बसले होते. बंद पडायचंच होतं तर रिकामी असताना पडावं, पण इंजिनाला कुठली आलीय जनाची-मनाची! दुसऱ्या गिअरात ती कण्हली, पहिल्यात थरथरली आणि वळणावर ठिय्या देऊन बसली. पाहुण्यांना भर उन्हात उतरून धक्का मारावा लागला. सासऱ्यांच्या फेट्याचा शेमला सुटून धुळीत लोळला. तेव्हा नाना घाम पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरनं गाडी मारली हो, इंजिन घालवलं तिचं. म्हातारा झालाय, हात बसत नाही त्याचा."

छगन स्टिअरिंग धरून बसला होता. त्यानं ते ऐकलं आणि त्याचे कान तापले. ड्रायव्हरला दारुडा म्हणा, आळशी म्हणा, तो एक वेळ गिळेल. 'गाडी मारली' म्हटलं की त्याला जेवण जात नाही. त्यातून ही मॉरिस गावात आली तीच छगनच्या हातानं. तिला दुसऱ्या कुणाचा हात माहीत नव्हता, आणि छगनला नानांखेरीज दुसरा मालक माहीत नव्हता. नानांचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. आता तोच माणूस चारचौघांत त्याच्या हातावर थुंकला होता.

गाडी कशीबशी परत आली. नानांनी ती शेडात लावायला सांगितली. "बॉनेट उघडू नको. कुणाला दाखवूबी नको. काढून टाकू." छगन मान हलवून घरी गेला, पण रात्रभर तळमळला. गाडी विकली की तिच्याबरोबर त्याचं नावही तसंच मातीत जाणार होतं. मंगळवारी नाना एस.टी.नं नगरला गेले, आणि छगननं जन्मात पहिल्यांदा न विचारता मॉरिस बाहेर काढली. धूर ओकत, धापा टाकत ती शेवगावला पोचली.

शेवगावच्या स्टँडमागं सूर्यभान मेकॅनिकचं पत्र्याचं गॅरेज होतं. तो नगरच्या मिलिटरीत फिटर म्हणून राबून आलेला होता. हात सोन्याचा, तोंड मात्र तिखट.

"काय छगनराव, गाडी आनली का गाडीची तिरडी?"

"सूर्यभान, चेष्टा नको. हिचं काय झालं तेवढं सांग. मी मारली म्हनत्यात."

सूर्यभाननं एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग चेष्टा केली नाही. त्यानं चारही प्लग काढले, पहिल्या भोकावर अंगठा दाबला आणि म्हणाला, "मारा हँडल." छगन हँडल फिरवू लागला. इंजिन धडधाकट असलं की पिस्टन वर येताना आतली हवा दाबली जाते आणि अंगठा फट्कन उडवून लावते. इथं नुसती फुसफुस. सूर्यभान एकेका भोकावर अंगठा ठेवत गेला. "पयल्यात जरा जीव हाय. दुसऱ्यात न्हाई. तिसऱ्यात कोनी घरातच न्हाई. चवथ्यात म्हातारी फुंकर मारतीया." छगनचा हात हँडलवरच थांबला.

"दम जायाच्या वाटा दोन," सूर्यभान म्हणाला. "एक तर वॉल्व्ह नीट बसत न्हाईत, न्हाईतर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. आता बघा." त्यानं प्रत्येक भोकात थोडं थोडं जाड तेल सोडलं. तेलानं रिंगांची फट बुजते. तेवढ्यानं दम परत आला तर रोग रिंगांचा, नाही आला तर वॉल्व्हचा. छगननं पुन्हा हँडल फिरवलं आणि सूर्यभानचा अंगठा फट्ट करून उडाला. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावरही तसाच.

"रिंगा. चारीच्या चारी. ड्रायव्हरच्या हातानं चारी एकदम जात न्हाईत, छगनराव. तुमी न्हाई मारली. तेल किती खाती?"

छगनला एवढं हलकं वाटलं की तो चक्क हसला. "टिपूसभर न्हाई! चार महिने झालं तेल घातलंच न्हाई. तेल मोजायची काडी काढून बघावं तर खुनंच्या वरच. उलट वाढतंय म्हन ना!" ही बढाई त्यानं निम्म्या गावाला ऐकवली होती. दुसऱ्यांच्या गाड्या तेल पितात, आमची तेल देते, असं तो पारावर सांगायचा.

सूर्यभान हसला नाही. त्यानं तेलाची काडी बाहेर ओढली. तिच्यावरचं तेल पाण्यासारखं घरंगळत खाली आलं. त्यानं बोटांवर चोळलं, हुंगलं आणि काडी छगनच्या नाकाशी धरली. पण तपकिरीपायी छगनचं नाक कधीच बाद झालेलं. त्याला काही कळेना. तेव्हा सूर्यभाननं ते तेल चिंधीला पुसलं, गाडीपासून लांब जाऊन आगपेटीची काडी ओढली आणि चिंधी भडाभडा पेटली.

"इंजिनचं तेल आसं पेटतंय व्हय? राकेल हाय ह्ये. कोनीतरी पेट्रोलात राकेल घालतंय. ते धड जळत न्हाई, शिलिंडरच्या भिती धुऊन खाली उतरतं आन तेलात मिसळतं. त्यानंच रिंगा गेल्या. तेल वाढत न्हवतं, छगनराव. राकेल साचत हुतं."

"पंपावाला भेसळ करत आसंल," छगन म्हणाला. सकाळी गाडी खोकली की नाना हेच म्हणायचे.

"मंग त्या पंपावरच्या साऱ्या गाड्या माझ्या दारात आल्या आसत्या. टाकीला कुलूप दिसतंय. चावी कुनापाशी आसती?"

चावी नानांच्या करगोट्याला असायची. टाकी नाना स्वतः भरायचे, पंपावरून आणून शेडात ठेवलेल्या पेट्रोलच्या पिंपातून, दार लोटून घेऊन. "तुझ्यावर कधी आळ यायला नको, म्हणून चावी माझ्यापाशी ठेवतो," असं ते म्हणाले होते. छगनला तेव्हा भरून आलं होतं. आपल्या अब्रूची इतकी काळजी करणारा मालक किती जणांना मिळतो!

आणि सोसायटीचं रेशन दुकानही नानांच्याच हातात होतं.

परतीच्या वाटेवर छगनला घाटातला अपमान आठवला नाही. त्याला दुकानापुढची बायकांची रांग आठवली. त्याची बायको चांगुणा दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि तशीच धुळीनं माखलेली रॉकेलसाठी रांगेत जाऊन उभी राहायची. आतून 'संपलं' म्हणून आवाज यायचा. चार महिने त्यांच्या घरात दिवा लागला तर लागला, नाहीतर दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. आणि त्याच रांगेच्या अंगावरून हॉर्न वाजवत छगन मॉरिस घेऊन जायचा. बायका बाजूला सरायच्या. तोही ऐटीत मान हलवायचा. आपल्याच घरातला उजेड जाळत तो नानांना जिल्हाभर फिरवत होता. हे कळलं तेव्हा त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

नाना सांजच्या गाडीनं आले. ते ओट्यावर पाय धूत असताना छगननं त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. नाना रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"पोरीला स्थळं बघत सारा जिल्हा पालथा घातला आपण," ते पाय पुसत म्हणाले. "येवढं पेट्रोल आणायचं कुठून? झालं ते झालं. रिंगा बदलून घे."

"मी गाडी मारली म्हनलात, नाना. पावन्यांच्या म्होरं."

"मग काय सांगायला पाहिजे होतं त्यांना?"

छगन म्हणाला, "मी गावाला खरं सांगनार. इतकी वर्षं तुमच्या शब्दावर चाललो मी. देवाच्या बरोबरीनं मानलं तुमाला. केसानं गळा कापलात."

नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "सांग की. गाडी कोण चालवत होतं? तेल वाढतंय म्हणून पारावर कोण सांगत होतं? अरे, तुला ठाऊक नव्हतं हे मानणारा एक माणूस आण माझ्यापुढं. एक आण, छगन. मग बोलू."

तो एक माणूस छगनला लगेच आठवला. नानांपुढं तिचं नावही काढावंसं वाटलं नाही. तो तडक घरी आला.

चांगुणा भाकरी थापत होती. अंधार पडायच्या आत उरकायचं म्हणून हात भराभर चालले होते. छगन चुलीपुढं बसला आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, अंगठा, जाड तेल, पेटलेली चिंधी, करगोट्याची चावी. आता ही नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करील, अशी तो वाट पाहत होता. चांगुणाचे हात मात्र काठवटीवर थांबले होते.

"म्हंजी, तुमाला खरंच ठावं न्हवतं?"

"तुला ठावं हुतं?"

"साऱ्या गावाला ठावं हाय. रांगंत बाया मला म्हनायच्या, तू कशाला उभी ऱ्हातीस बाई, तुझं राकेल तर तुझा नवरा गाडीत बसून उडवतोय. मी खाली मान घालायची. म्हनलं, मालकाचं खात्यात, त्यांचा इलाज न्हाई."

"चार महिने? आन मला एका शब्दानं इचारलं न्हाईस?"

"इचारलं आसतं," चांगुणा म्हणाली, "आन तुमी व्हय म्हनला आसता तर? मंग मी काय करायचं हुतं?"

मग तिला त्याची कीव आली असावी. तिनं पिठाचा हात पुसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आता तुमी म्हनताय, तर मानते मी."

ती मनापासून म्हणाली होती, त्याला ते दिसत होतं. पण तिचं मानणं 'तुमी म्हनताय, तर' एवढंच होतं. नानांनी मागितलेला एक माणूस छगनच्या घरातसुद्धा नव्हता.