भागोजीच्या ओटीवरची वेताची खुर्ची

विषय : उत्पन्न वाढूनही समाधान न वाढल्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, भागोजीच्या ओटीवरची वेताची खुर्ची, बोलते आहे. मुक्काम बोर्ली पंचतनजवळचे एक लहान गाव, सन १९३१.

माझा जन्म मुंबईचा; हातपाय लाकडाचे, बैठक नि पाठ वेताची. प्रथम एका साहेबाने मला झिजवले. तो विलायतेस परतला तेव्हा माझा लिलाव झाला. भागोजी नुकताच गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, झाला होता; त्याने मला घेतले. पगार वाढला की माणसाची पाठ टेकू मागू लागते, असे माझे निरीक्षण आहे. पुढे नोकरी सोडून तो गावी आला तो मला आगबोटीतून घेऊनच.

पूर्वी शिमग्याला रजेवर आला की तो याच ओटीवर घोंगडी टाकी. त्याचा चुलता सदूकाका रोज संध्याकाळी येई आणि एकच चिलीम दोघांत फिरे. भागोजीने मुंबईत उभा जन्म काढला तो या संध्याकाळींच्या आशेवर.

मी आल्यावर सदूकाका पायरीशीच थबकला. पुतण्या वर आणि चुलता खाली, असे बसायचे कसे? भागोजी लगबगीने उठला.

"काका, तुमी बसा हितं."

"नको रं भाग्या. माझ्या बुडाला सवय न्हाय."

मग दोघेही घोंगडीवर बसले. मी रिकामी. काकाची नजर माझ्यावरून हलेना.

"कोन सायेब येनार हाय काय?"

चिलीम अर्धीच राहिली. पुढे काका येईनासा झाला.

"इकून टाका ती," भागोजीची बायको कोकिळा म्हणाली.

"इकली तर लोक म्हनतील, भागोजीचा पैका सरला."

"मग बसा येकलेच, राजावानी!"

तो बसतो. मंडळी आता समोर भिकूच्या ओटीवर जमतात. तिकडून हसू आले की हा माझे हात घट्ट धरतो. त्याने वेत नवा विणून घेतला, पाठीला उशी शिवली. चेहऱ्यात फरक नाही.

परवा सदूकाका रस्त्याने चालला होता. भागोजी अंगणात धावला.

"काका, या की. चिलीम भरलीय."

"बसा, बसा, भागोजीशेट. आमी आपले जातो भिकूकडं."

बारशापासून ज्याला भाग्या म्हटले, त्याला शेट! भागोजी परत येऊन बसला. चिलीम तशीच विझली.

सबब, गावचा सुतार कान्हा याजकडे माझा अर्ज आहे : माझे चारही पाय कापून मला पाटाएवढी करावी. काल तो उंबरठा दुरुस्त करायला आला होता. मला उलटी करून पाहिली, "सागवान हाय" म्हणाला आणि गेला. अर्ज प्रलंबित आहे.