सहाव्या लेनचा पाव सेकंद

पोहण्याच्या क्लबच्या सेक्रेटरींचा हिशेब सरळ होता. राज्य संघात क्लबची एकच मुलगी जाणार. ती आपली लेक असली की तिचा फोटो भिंतीवर आणि आपण पुढच्या निवडणुकीत अध्यक्षाच्या खुर्चीवर. त्यासाठी त्यांनी लाच दिली नाही, की कुणाला दम भरला नाही. यंत्र आणलं.

भिंतीवरच्या पाटीला हात लागला की आपोआप वेळ नोंदवणारं यंत्र. तलावाला लेन सहा, पण वर्गणी तीनच पाट्यांपुरती जमली. उरलेल्या लेनवर जुनाच कारभार: घड्याळमामा आणि त्यांचे दोन जोडीदार, हातात स्टॉपवॉच. माणूस सुरुवातीला बटण उशिरा दाबतो, सबब हाताच्या वेळेत पाव सेकंद मिळवायचा, असा नियमही सेक्रेटरींनी काढून दाखवला. पुस्तकात तो वेगळ्याच कामासाठी होता. पण क्लबात पुस्तक वाचतो कोण?

निवडीच्या दिवशी सेक्रेटरींची लेक चौथ्या लेनमध्ये, म्हणजे यंत्रावर. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईंची मुलगी सहाव्यात, म्हणजे मामांच्या घड्याळावर. चौदा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. आज हुकलं की पुढे थोराड मुलींशी गाठ.

ती वीतभर आधी भिंतीला लागली. गॅलरीतल्या आंधळ्यालाही दिसलं असतं. फलकावर मात्र दुसरी.

"साहेब, माझी पोरगी आधी लागली की हो!"

"बाई, डोळ्यांचं काय खरं? यंत्र कुणाचं मिंधं नसतं."

"मग तिच्या लेनला का नाही लावलंत?"

"लेन कॉम्प्युटर ठरवतो."

"आणि कॉम्प्युटर कुणाच्या टेबलावर असतो?"

गॅलरी खदखदून हसली. हसायला काय जातं? उठलं कुणीच नाही.

"बाबा, ती आधी होती. मी बघितलं ना!" लेक पाण्यातूनच ओरडली.

"तू आधी चष्मा पूस."

निकालाचा कागद घड्याळमामांपुढे आला.

"मी बटण उशिरा दाबलं असेल," मामा पुटपुटले, "पण पोरगी काही उशिरा नाही पोचली."

"मामा, टाइमकीपरांची नवी यादी उद्याच करायचीय. तुमचं नाव घालू ना?"

तीस वर्षं दुसऱ्यांचे सेकंद मोजलेला माणूस. स्वतःला विचार करायला त्यांनी चार घेतले आणि सही ठोकली.

सेक्रेटरी खुर्चीवर आले. मामांचं नाव यादीत राहिलं. गॅलरीला एक किस्सा मिळाला, तो ती अजून चघळते. लेक राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद झाली. परतल्यावर तिच्या शेजारच्या लेनमध्ये कुणी मुलगी उतरेना, तेव्हा तिने पोहणंच सोडलं. सहाव्या लेनवाली मोठ्या गटात अकरावी आली. ज्यांनी काही केलं, त्यांच्यापैकी कुणालाच भुर्दंड पडला नाही. भरलं ते दोघींनी, आणि त्या दिवशी दोघींचंही वय चौदाच्या आत होतं.