बास्सूच्या टॅक्सीला लागणारा दम

मोरोक्कोतल्या वार्झाझातच्या आमच्या स्टँडवर बास्सूची टॅक्सी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नाटकी. मराकेशच्या वाटेवर खिंडीचा चढ लागला की तिचा तापमानाचा काटा वर सरकायचा आणि तुदाच्या चहाच्या दुकानासमोर, नेमकी तिथेच, ती भसाभसा वाफ सोडायची. एखाद्या दिवशी काटा मागे रेंगाळला, तर शेवटच्या वळणावर बास्सू खालचा गिअर टाकून इंजिन उगाच घुमवायचा. मग उतरून बॉनेट उघडायचा. "गरम असताना झाकणाला कुणी हात लावायचा नाही, तोंड भाजेल," अशी सगळ्यांना ताकीद द्यायची आणि स्वतः दुकानात गडप व्हायचं.

मीही टॅक्सीवालाच. त्याला कितीदा म्हटलं, "बास्सू, रेडिएटर धुवून घे रे. आतून गंजलाय तो."

"म्हातारी आहे ती. चढावर दम लागायचाच," एवढंच उत्तर.

इतर सगळ्या बाबतीत हा माणूस गाडीला काजळ-तीट लावणारा. रेडिएटरचं नाव काढलं की बहिरा व्हायचा.

त्याची बायको इट्टो मात्र बहिरी नव्हती. तुदा विधवा, गोरीगोमटी, हसरी. गाडी रोज तिच्याच दारात उकळते हे इट्टोच्या कानावर आलं होतं. कुणी घातलं ते मी सांगणार नाही, कारण तो मेंढ्यांचा व्यापारी मुलूद अजून माझ्याच गाडीनं जातो.

इट्टोनं तडक आपल्या भावाचा मुलगा हद्दू याचं गॅरेज गाठलं.

"आत्या, गाडीत हीटर लावला तर कसला वारा येतो?" हद्दूनं विचारलं.

"गार. काटा वर गेलेला, आणि माझे पाय बर्फ! हे म्हणतात, डोंगराची हवा आत शिरते."

"आणि पाण्याचा रंग?"

"आमच्या अंगणात जिथे ठिबकतं तिथली फरशी तांबडी झालीय. घासून घासून हात गेले माझे."

"मग झालं. आत सगळा गाळ बसलाय. चढावर पाणी फिरणार कुठून?"

"धुतला की उकळायची थांबेल ना?"

"थांबेल. पण काका धुवू देतील?"

"त्यांना विचारतंय कोण!"

शुक्रवारी नमाजानंतर कुसकुस हाणून बास्सू झोपला तो असा, की घरावर विमान पडलं तरी उठला नसता. इट्टोनं त्याच्या जेल्लाब्याच्या, म्हणजे लांब झग्याच्या, खिशातून किल्ली काढली. हद्दूनं गाडी ढकलत उतारावरून गॅरेजात नेली. थंड इंजिनाखाली पातेलं ठेवून त्यानं पाणी सोडलं, तर हरीरा सुपासारखा दाट, तांबडा राडा बाहेर आला. औषध घालून त्यानं इंजिन चालवलं, ते निवल्यावर पाणी सोडून पुन्हा भरलं, आणि पाणी निर्मळ येईपर्यंत हाच उद्योग केला. शेवटी नवं हिरवं कूलंट ओतलं. बास्सू जांभई देत उठला तेव्हा गाडी दारात जागच्या जागी उभी.

शनिवारी इट्टो म्हणाली, "मी बहिणीकडे येते तुमच्याबरोबर," आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. माझ्या गाडीचा क्लच गेला होता, म्हणून मी मागे मुलूदशेजारी होतो.

चढ सुरू झाला. गाडी बकरीसारखी टुणटुण चढू लागली. काटा मध्यावर बसला तो बसलाच. बास्सूनं काचेवर टिचकी मारली. मग थोडी जोरात मारली.

"काटा अडकला वाटतं," तो पुटपुटला.

"अहो, आज हीटर काय छान गरम आहे!" इट्टोनं हात शेकले.

शेवटच्या वळणावर बास्सूनं इंजिन एवढं घुमवलं की मागच्या सीटवर आमचे दात वाजले. काटा ढिम्म. दुकान जवळ आलं, तसा त्यानं ब्रेकच मारला.

"कूलंटचा वास येतोय. गोडसर."

"मला तर मेंढ्यांचा येतोय," इट्टो म्हणाली. मुलूद खिडकीबाहेर बघू लागला.

बास्सूनं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. वाफेचा पत्ता नाही. तेवढ्यात तुदा नेहमीप्रमाणे एका हातात पाण्याचा डबा आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास घेऊन आली.

"अगंबाई, आज धूर नाही? चहा मात्र तयार आहे हं, बास्सूभाऊ. साखरेचे चार मोठे खडे, तुमचे नेहमीचे."

इट्टो गाडीतून उतरली. रात्रभर घोकून आणलेल्या शिव्या तिच्या ओठांवर होत्या. तिथेच थिजल्या.

"साखर?" ती म्हणाली. "यांना? डॉक्टरनं बंद केलेली साखर?"

"मला काय ठाऊक, बाई!" तुदा दचकली. "मला म्हणाले, घरी साखर संपलीय."

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

मी हसू दाबायला मफलर तोंडात कोंबला. बास्सू बॉनेटमधून बाहेरच येईना.

"बाहेर या!" इट्टो कडाडली. "अहो, मी बाईचा संशय घेतला होता. बाई असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. साखरेच्या काय उपटू?"

"बाई आहे की इथे," तुदा म्हणाली, "पण झिंज्या सोडून बोला."

बास्सू बाहेर आला. नाकाला ग्रीस. "इट्टो, तुझा चहा म्हणजे पुदिन्याचा काढा गं. तो गिळताना मला रडू येतं."

"आणि मी काय पिते?" तिचा आवाज एकदम उतरला. "तुमच्यासमोर गोड कसं पिऊ, म्हणून मीही तोच काढा गिळते. रोज."

बास्सूला हे माहीत नव्हतं. त्यानं बॉनेट हळूच खाली लावलं.

इट्टोनं तुदाच्या हातातला ग्लास घेतला आणि एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग रस्त्यावर उभ्या उभ्या, नवऱ्याच्या डोळ्यांत बघत, तिनं अख्खा ग्लास रिकामा केला.

"यांना बिनसाखरेचा द्या," ती तुदाला म्हणाली. "आणि मला अजून एक."

सगळे आत गेलो. बास्सूनं आपला कडू चहा एकाही तक्रारीशिवाय संपवला. पुन्हा गाडीत बसताना त्यानं हळूच विचारलं, "बहिणीकडे किती दिवस राहणार?"

"संध्याकाळी परत. तुमच्याच गाडीनं."

"आणि पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनिवारीही येणार," इट्टो दार ओढत म्हणाली. "तुदा म्हणाली, तेव्हा बदामाच्या करंज्या करणार आहे."