उरलेलं उद्या वर्गात

"आमच्या बॉटची उत्तरं चार ओळींत आटपतात, आणि गणिताच्या बाईंचा बॉट बघा, नुसतं बाळा बाळा!" इतिहासाचे सर चित्रकलेच्या बाईंच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत कुरकुरले.

"तुम्ही त्याला चार ओळीच दिल्यात, सर. पेराल तेच उगवणार," बाई मान वर न करता म्हणाल्या.

शाळेत ज्याने त्याने आपापल्या विषयाचा चॅटबॉट स्वतः तयार केला होता. गणिताच्या बाई आजारी पडल्या म्हणून त्यांचा तेवढा चित्रकलेच्या बाईंनी केला, बावीस वर्षांच्या मैत्रीच्या हक्काने. वह्या, तासांची रेकॉर्डिंग, "गाढवा, शून्याने भागतोस?" सगळं त्यात ओतलं. त्या येईपर्यंत वर्ग मागे पडू नये, एवढंच. डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं. तरी जो तो 'येईपर्यंत'च म्हणायचा.

घोळ एका वाक्याने घातला. तास संपताना त्या न चुकता म्हणत, "उरलेलं उद्या वर्गात सांगते हं." बॉटने नेमकं तेच उचललं आणि प्रत्येक उत्तराच्या शेपटीला लावलं. सातवीतल्या एकीने विचारलं, "नक्की उद्या ना, बाई?" बॉटने बेधडक लिहिलं, "हो तर, बाळा. वेळेवर ये." तीन दिवस पोरगी घंटेआधी येऊन पहिल्या बाकावर बसत होती.

वाक्य पुसणं दोन मिनिटांचं काम. पण चित्रकलेच्या बाईंचा हातच चालेना. आपल्या हाताने कसं पुसायचं? शेवटी शाळा सुटल्यावर लॅपटॉप काखोटीला मारून त्या मैत्रिणीच्या घरी गेल्या.

भावोजींनी दार उघडलं. "आज जरा बरी आहे," म्हणाले, रोजच्यासारखंच.

गणिताच्या बाईंनी उशीला टेकून चष्मा चढवला. "ही पायरी गाळलीस. चित्रं काढ तू आपली," असं पुटपुटत त्या एकेक उत्तर तपासू लागल्या. सातवीतल्या पोरीपाशी येऊन मात्र थांबल्या.

"हिला कुणी काही सांगितलं नाही?"

"सांगू गं. तू बरी झालीस की तूच..."

"ए, पुरे." त्यांनी लॅपटॉप मैत्रिणीकडे सरकवला. "माझी बोटं थरथरतात. मी सांगते, तू लिही."

"काय लिहू?"

"बाळा, मी आता परत येणार नाही."